पैकीच्या पैकी

जपानमध्ये 'फामित्सू' नावाचं एक साप्ताहिक निघतं. 1986 साली 'फामिकॉन त्सूशिन' या नावानं ते सुरू झालं, पुढे 1991 मध्ये साप्ताहिक झालं. त्याचा विषय एकच, व्हिडिओ गेम. नव्या खेळाला त्यात चार परीक्षक गुण देतात, प्रत्येकी दहापैकी. एकूण बेरीज चाळीसपैकी. सोबत प्रत्येकाचा चार-पाच ओळींचा अभिप्राय. तीसच्या वर गेलेला खेळ त्यांच्या मानाच्या यादीत जातो. तीसला चांदी, बत्तीसला सोनं, पस्तीसला प्लॅटिनम. आमच्या वेळच्या मॅट्रिकला पस्तीस म्हणजे काठावर पास! इथं पस्तीसला प्लॅटिनम मिळतं हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आम्हा उभयतांना जपानी लोकांच्या दिलदारपणाचं कौतुकच वाटलं. गुण शंभरपैकी नसून चाळीसपैकी असतात, हे चिरंजीवांनी नंतर समजावून सांगितलं.

वाचकहो, या वयात आम्ही गेमवर लिहायला बसलो म्हणून हसू नका. खेळ आम्ही खेळलो नाही, पण पैसे आम्ही दिले आहेत. आणि एखाद्या गोष्टीचे पैसे जो देतो त्याला ती वसूल झाली की नाही हे बघायचा हक्क असतो, असं आमचं मत आहे.

पैसे थोडे नव्हते. 1995 च्या मार्चमध्ये 'क्रोनो ट्रिगर' हा खेळ बाजारात आला, किंमत 11,400 येन. त्या वर्षी येन एवढा वधारला होता की एका डॉलरला ऐंशी येनसुद्धा मिळत नव्हते असे दिवस आले. रुपयांत हिशेब केला (आणि तो आम्ही रोज करत होतो) तर त्या एका प्लॅस्टिकच्या डबीची किंमत चार हजार रुपयांच्या आसपास जात होती. त्या काळात पुण्यात चार हजारांत एका कुटुंबाचा महिना निघायचा. घरी पैसे पाठवायचे, इथलं भाडं द्यायचं, आणि मुलगा म्हणतो, "बाबा, सगळ्यांकडे आहे."

एवढी किंमत का, याचं उत्तर शोधताना आम्हाला एक गंमत कळली. त्या काळच्या सुपर फामिकॉनचे खेळ कॅसेटमध्ये यायचे आणि कॅसेटमध्ये स्मरणाच्या चिप असायच्या. खेळ जितका मोठा, तितकी चिप मोठी, तितका खर्च जास्त. जाहिरातीत छाती फुगवून '32 मेगाबिट' असं छापायचे, जसं आपल्याकडे पातळाच्या दुकानात 'अस्सल जर' म्हणतात. कॅसेट तयार व्हायला वेळ लागायचा, त्यामुळे किती खपतील याचा अंदाज महिनोन्‌महिने आधी बांधावा लागायचा. म्हणजे किंमत ठरायची ती चिपवर, कारखान्यावर आणि अंदाजावर. खेळ चांगला आहे की वाईट याचा त्या किमतीशी काहीच संबंध नाही. 1994 च्या डिसेंबरात सोनीचं प्लेस्टेशन आलं, खेळ सीडीवर गेले, आणि किंमत एकदम खाली आली. 'फायनल फँटसी'चा सहावा भाग 1994 मध्ये कॅसेटवर 11,400 येनला होता. सातवा भाग 1997 मध्ये सीडीवर 6,800 ला. सातवा भाग सहाव्याच्या निम्म्यानं चांगला होता असं कुणीच म्हणणार नाही.

मुद्दा इथंच आहे. जपानात फळं घ्यायला जा. शिझुओकाकडच्या फुकुरोईचे प्रसिद्ध क्राउन मेलन असतात, त्यांच्या चार प्रती असतात. सगळ्यांत वरची 'फुजी', मग 'यामा', 'शिरो' आणि 'युकी'. फुजी हजारात एखादंच निघतं. जशी प्रत तशी किंमत, गिऱ्हाइकाला विचार करायचं कारणच नाही. किंमत हाच गुण! आमच्या मंडईतला आंबेवालासुद्धा हेच करतो, फक्त कागदावर छापत नाही. पण गेमच्या दुकानात चाळीसपैकी अडतीसवाला आणि चाळीसपैकी सोळावाला एकाच फळीवर, एकाच किमतीला शेजारी शेजारी उभे. वेष्टण दोघांचंही झकास. ('सोळावाल्याचं जास्त झकास,' इति आमची सौ.) किंमत काही सांगत नाही, वेष्टण खोटं सांगतं, उघडलेली वस्तू दुकानदार परत घेत नाही. मग बिचाऱ्या आईबापांनी विश्वास कुणावर ठेवायचा? त्या चार परीक्षकांवर. ज्या बाजारात किंमत मुकी असते तिथं परीक्षकाला एवढा भाव येतो.

जपानी लोकांनी या परीक्षेचं थेट प्रगतिपुस्तकच करून टाकलं होतं, हे सांगायलाच हवं. 'फामिली कॉम्प्युटर मॅगझिन' नावाचं एक मासिक 1985 मध्ये निघालं, 1998 मध्ये बंद पडलं. त्यात 'गेम त्सूशिन्बो' असं सदर होतं. त्सूशिन्बो म्हणजे शाळेतलं प्रगतिपुस्तक. गुण द्यायचे वाचकांनी, म्हणजे मुख्यतः पोरांनीच. सहा विषय, प्रत्येकी पाच गुण: पात्रं, संगीत, हाताळणी, गुंगवण्याची ताकद, नावीन्य आणि 'ओकाइदोकुदो'. या शेवटच्या शब्दाचं भाषांतर आम्ही पंडिती मराठीत बराच वेळ शोधत होतो. उत्तर स्वयंपाकघरातून आलं, 'पैसा वसूल'. बास! दहा-बारा वर्षांची पोरं संगीताला वेगळे गुण देत होती आणि पैसा वसूल झाला की नाही याला वेगळे. मोठ्यांच्या साप्ताहिकानं हा विषय वेगळा काढला नाही, तो चार परीक्षकांच्या पोटातच राहिला. आम्हाला पोरांचं जास्त पटलं. संगीत उत्तम, पण पैसे वाया गेले, असं नाटकाच्या बाबतीतही होतंच की.

आता चिरंजीवांविषयी. तो नऊ वर्षांचा असताना आम्ही इथं आलो आणि योकोहामातल्या सरकारी शाळेत त्याला घातलं. इंटरनॅशनल शाळेची फी आमच्या आवाक्याबाहेर होती. त्याला जपानी अक्षर ओळखीचं नव्हतं. पहिले तीन-चार महिने तो शाळेतून यायचा आणि काही बोलायचा नाही. डब्यात काय होतं विचारलं तरी नाही, मित्र मिळाला का विचारलं तरी नाही. रात्री आम्ही दोघं हलक्या आवाजात परत जावं की काय यावर बोलत असू. त्या घरात सुपर फामिकॉन आला तो एका भारतात परतणाऱ्या कुटुंबाकडून, जवळजवळ फुकट. यंत्र आलं, पण खेळ कोणता आणायचा? इथून आमचा गुणांशी संबंध आला.

फामित्सू आम्ही विकत घेत नव्हतो. इथं 'ताचियोमी' नावाची सोयीस्कर प्रथा आहे, म्हणजे दुकानात उभ्या उभ्या वाचणं. हल्ली बरीच दुकानं मासिकांना पट्टी बांधतात, पण त्या काळी कोपऱ्यावरच्या दुकानात शुक्रवारी संध्याकाळी आम्ही बापलेक शेजारी शेजारी उभे राहून गुण वाचत असू. मजकूर आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हता, आकडे येत होते. आणि आकडे वाचता वाचता आमच्या एक लक्षात आलं. 7, 7, 7, 7 यांची बेरीज अठ्ठावीस. 10, 10, 4, 4 यांचीही अठ्ठावीसच. मानाच्या यादीत दोघेही नाहीत, दुकानात दोघांची किंमत एकच. पण पहिला म्हणजे कुणालाच न खटकणारा सरकारी कार्यालयातला चहा, आणि दुसरा म्हणजे बोंबील. ज्याला आवडतो तो जीव टाकतो, ज्याला नाही तो नाक दाबून उठून जातो. अकरा हजार येन मोजताना बेरीज बघायची की फरक? सौ.चं म्हणणं होतं, ज्याच्याकडे दर महिन्याला नवा खेळ घ्यायची ऐपत आहे त्यानं बोंबील घ्यावा, ज्याला वर्षात एकच घ्यायचाय त्यानं चहा. मुलाचं म्हणणं बरोबर उलटं. वर्षात एकच मिळणार असेल तर नुसत्या चहावर वर्ष कसं काढायचं?

आमचे एक स्नेही तेव्हा बँकेत होते. त्यांनी हा प्रश्न एका रविवारी पोहे खाता खाता निकालात काढला. म्हणाले, "तासावर हिशेब करा." सिनेमाचं तिकीट 1,800 येन, चालतो दोन तास. म्हणजे तासाला नऊशे. 11,400 भागिले नऊशे, म्हणजे पावणेतेरा तास. त्याच्यापुढे खेळ चालला की नफाच. गणित बिनतोड होतं. पण मग या न्यायानं सगळ्यांत लांबलेलं भाषण हे सगळ्यांत पैसा वसूल! मंडळाच्या वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही हे पटणार नाही. आमच्या पोरानं नंतर दुसरं गणित मांडलं, हजार येनला किती गुण. 1998 मध्ये 'झेल्डा'चा 'ओकारिना' हा खेळ 6,800 येनला आला, आणि फामित्सूनं त्याला चाळीसपैकी चाळीस दिले. साप्ताहिकाच्या इतिहासात बारा वर्षांत पहिल्यांदाच. म्हणजे हजार येनला सहा गुणसुद्धा नाहीत. आणि दुकानाच्या दारात लोखंडी जाळीच्या गाडीवर फेकलेला, चाळीसपैकी एकोणीसवाला खेळ 980 येनला. हजारी एकोणीसच्या वर! तिपटीहून फायद्याचा. आकड्यांना काहीही बोलायला लावता येतं, हे पोराला तेव्हाच कळलं.

ती गाडी म्हणजे 'वॅगन'. न खपलेले खेळ तिच्यावर ढिगानं टाकलेले असतात, आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी छत्र्या असतात तसे. फामित्सूचा गुण छापला की छापला, तो बदलत नाही. साडेनऊ हजाराला वाईट असलेला खेळ 980 ला वाईट असतो का? परीक्षकानं पूर्ण किमतीचा माल तपासला, आपण उरलेला घेतोय. आमच्या घरातला पहिला खेळ त्या गाडीवरचाच. नाव सांगत नाही, कारण ज्यांनी केला त्यांनी मनापासून केला असणार. चित्रं यथातथा, लढाया कंटाळवाण्या. पण त्यात गावं होती, आणि गावात सत्तर-ऐंशी माणसं, आणि प्रत्येक माणूस काहीतरी बोलायचा. बहुतेक सगळं सोप्या हिरागानात. विहिरीवरची बाई बोलते, सराईचा मालक बोलतो, म्हातारा तेच तेच परत सांगतो. पोरगा बटण दाबून वाक्य थांबवायचा, एक एक अक्षर वहीत उतरवायचा, आणि आम्ही शेजारी शब्दकोश घेऊन बसायचो. सराईत किती पैसे पडतात, हे त्याला शाळेतल्या बाईंनी शिकवायच्या आधी कळलं. परीक्षकांनी बहुधा याच बडबडीचे गुण कापले असावेत. गेम त्सूशिन्बोमध्येही 'यातून भाषा येते का' असा सातवा विषय नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. जपानी पोरांना ती येतच होती.

तरीही '980 मध्ये काम झालं' असं म्हणून आम्हाला विषय मिटवता येत नाही. कारण दर शुक्रवारी वर्गात बोलणं व्हायचं ते नव्या खेळाचं. मोठा खेळ ज्या आठवड्यात येतो त्या आठवड्याला इथं स्वतंत्र किंमत असते. 1988 च्या फेब्रुवारीत 'ड्रॅगन क्वेस्ट'चा तिसरा भाग आला तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या पोरांना पोलिसांनी पकडून समज दिली, अशी बातमी झाली होती. सहा महिन्यांनी तोच खेळ निम्म्या किमतीत मिळतो. एक अक्षर बदललेलं नसतं. पण राक्षस कोणत्या गुहेत आहे हे तोवर सगळ्या वर्गाला माहीत झालेलं असतं आणि सांगायला-विचारायला काही उरत नाही. दिवाळी अंक मार्चमध्ये रद्दीवाल्याकडे मिळतो, मजकूर तोच असतो, म्हणून आपण दिवाळीत घ्यायचं थांबतो का? 'क्रोनो ट्रिगर' आम्ही शेवटी घेतला, पूर्ण किमतीला, एप्रिलमध्ये. मे महिन्यात घराच्या दाराशी पहिल्यांदा दुसऱ्या मुलाचे बूट दिसले. सौ.नं त्या दिवशी शंकरपाळे तळले. ते त्या पाहुण्याला आवडले, हे खेळाच्या गुणांत धरावं की नाही याबद्दल आमच्यात मतभेद आहेत.

या गर्दीचा फायदा उठवणारेही होतेच. 1990 मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट'चा चौथा भाग आला, किंमत 8,500 येन, मागणी अफाट. एका घाऊक व्यापाऱ्यानं किरकोळ दुकानदारांना सांगितलं, हा हवा असेल तर आमच्याकडे पडून असलेले इतर खेळही उचला. ज्यांनी आपल्याकडे शेगडी घेतल्याशिवाय गॅसचं कनेक्शन न मिळायचा काळ पाहिलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको! इथं याला 'दाकिआवासे' म्हणतात, कवटाळून विकणं. प्रकरण न्याय्य व्यापार आयोगाकडे गेलं आणि 1992 मध्ये ते बेकायदा ठरलं. चांगल्या गुणांच्या पाठीवर बसवून वाईट गुण विकायची युक्ती, दुसरं काय.

आणि मग जुन्या खेळांचा बाजार. पोरगा मोठा झाला तसा तो याच बाजाराचा झाला. खेळ विकत घ्यायचा, पंधरा दिवसांत संपवायचा, दुकानात परत विकायचा, वर थोडे घालून दुसरा आणायचा. त्याच्या मते दुकानदार जुन्या खेळाला जो भाव देतो तोच खरा गुण. चार परीक्षकांचं काय जातं? दुकानदाराचे स्वतःचे पैसे जातात. बोलणं बिनचूक वाटलं, पण तेही पुरतं खरं नाही. जो खेळ लाखोंनी खपतो तो महिन्याभरात या बाजारात ढिगानं येतो आणि त्याचा भाव कोसळतो. थोड्यांनीच घेतलेला आणि त्यांनी जपून ठेवलेला खेळ महाग राहतो. म्हणजे तो भाव खेळाच्या चांगलेपणाचा नसून लोक तो किती सोडायला तयार आहेत याचा. हा गुण मात्र कुठल्याच मासिकात छापून येत नाही. खेळ काढणाऱ्या कंपन्यांना हा बाजार डोळ्यांत खुपत होता, कारण दुसऱ्यांदा विकलेल्या डबीतलं त्यांना काही मिळत नाही. त्यांनी दावे लावले. सर्वोच्च न्यायालयानं 25 एप्रिल 2002 रोजी निकाल दिला की एकदा विकलेली वस्तू परत विकण्यावर त्यांचा हक्क चालत नाही. त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

चाळीसपैकी चाळीसचं मात्र पुढे थोडं स्वस्त झालं. पहिली बारा वर्षं एकही नाही, आणि 2009 या एका वर्षात निदान तीन. त्याच पानांवर त्याच कंपन्यांच्या जाहिराती असतात, म्हणून लोक कुजबुजतात. आम्हाला त्यातलं आतलं काही ठाऊक नाही, आणि दहावीचे निकाल जसे नव्वदच्या पुढे जाऊन बसले तसं इथंही होत असेल, एवढंच वाटतं. पण एका चाळीसबद्दल आमची तक्रार नाही. 2005 मध्ये 'निन्टेंडॉग्ज' आला, 4,800 येन. कुत्र्याचं पिल्लू पाळायचं, त्याला आंघोळ घालायची, हाक मारून बोलवायचं, एवढाच खेळ. आमच्या इमारतीत कुत्रं पाळायला बंदी, आणि धाकटी कन्या चार वर्षं कुत्र्यासाठी रडत होती. तिनं पिल्लाचं नाव मोती ठेवलं. मोती जपानी हाका ओळखत होता, मग ती त्याला मराठीत बोलवायला शिकवत बसली. "मोती, बस" हे तो हुकमी ऐकायचा. चाळीस? आम्ही बेचाळीस दिले असते.

हल्ली डबीच नाही म्हटलं तरी चालेल. खेळ तारेतून येतो, परत विकता येत नाही, त्यामुळे तो 2002 चा निकाल कपाटात. पुष्कळसे खेळ तर फुकट! फोनवर शून्य येनला उतरवा, आणि मग आत 'गाचा'. पैसे टाका, काय निघेल ते तुमचं नशीब. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमला की मोठं बक्षीस, असा त्यातला एक प्रकार फार बोकाळला, तो 2012 मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं बेकायदा ठरवला तेव्हा कुठे थांबला. ज्याची किंमतच शून्य त्याला पैसा वसूल कसं मोजायचं? चाळीसपैकी अडतीस गुण असतील, पण कुणी शंभर येन घालतो आणि कुणी महिन्याचा पगार. आकडा दोघांना सारखाच छापलेला. निदान 11,400 येनच्या डबीवर 11,400 लिहिलेलं तरी असायचं.

गेल्या वर्षांतली एक किंमत मात्र आम्हाला मनापासून आवडली. 2025 च्या जूनमध्ये निन्टेंडोचं 'स्विच 2' आलं तेव्हा जपानात त्याच्या दोन किमती होत्या. फक्त जपानी भाषेत चालणारं 49,980 येनला, आणि सगळ्या भाषांत चालणारं 69,980 येनला. यंत्र तेच. वीस हजाराचा फरक निव्वळ भाषेचा. चिरंजीव आता चाळिशीचे आहेत, त्यांना स्वतःला मुलगा आहे, आणि दोघांपुढेही कसलाच प्रश्न नव्हता. सोडतीत नाव लागलं तसं 49,980 चं घरी आलं. सूनबाई लग्नानंतर पुण्याहून आल्या आहेत, त्यांचं जपानी अजून भाजी बाजारापुरतंच आहे. त्या जेवणं झाल्यावर लेकाच्या शेजारी वही घेऊन बसतात आणि विचारतात, "थांब जरा, आता काय म्हणाला रे तो?" तो बटण दाबून वाक्य थांबवतो.